किंमत काय लिहू?

पस्तीस वर्षे परदेशी पार्सलांच्या खिडकीमागे बसलेल्या माणसाला प्रवासवर्णन लिहायला सांगणे म्हणजे हलवायाला उपवासाचे महत्त्व विचारण्यासारखे आहे. लोक गावोगाव हिंडून डोंगर पाहतात, देवळे पाहतात. माझी नजर आधी सहप्रवाशाच्या बोचक्यावर जाते. यात काय असेल, वजन किती भरेल, मालकाने किंमत किती सांगितली असती आणि खरी किती असेल, असा हिशेब आपोआप सुरू होतो. निवृत्त होऊन सात वर्षे झाली, पण ही खोड काही सुटली नाही. तेव्हा जव्हार-मोखाड्याच्या या सफरीत धबधब्यांपेक्षा जकातच जास्त आली, तर वाचकांनी राग मानू नये.

निमित्त झाले भाचीचे. ती इंग्लंडात लेस्टरला असते. तिने तिथे स्वतःचे घर घेतले आणि दिवाणखान्याच्या भिंतीवर लावायला तिला आपल्याकडचे काहीतरी ‘अस्सल’ हवे होते. वारली चित्र तिच्या तीन मैत्रिणींकडे आधीच होते. म्हणून तिला बोहाड्याचा मुखवटा हवा. तिने पैसे पाठवले आणि मागोमाग फोन केला. “मामा, तुम्हाला सगळं माहीतच आहे. ‘गिफ्ट’ म्हणा आणि पस्तीस पौंड लिहा. एकोणचाळीसच्या आत असलं की इकडे काही भरावं लागत नाही.”

तिचे म्हणणे नियमाला धरूनच होते, निदान अर्धे. ब्रिटनमध्ये बाहेरून आलेली भेटवस्तू एकोणचाळीस पौंडांपर्यंतची असेल तर तिच्यावर व्हॅट नाही. त्याच्या वर गेली की वीस टक्के. एकशे पस्तीस पौंडांपर्यंत सीमाशुल्क नाही, पुढे तेही आले. फक्त वस्तू खरोखर भेट असावी लागते आणि किंमत खरोखर तेवढी असावी लागते. उरलेले अर्धे ते हेच. मी ‘बघू’ म्हणालो. ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांचे पस्तीस खोडून लाल शाईने सत्तर केले, त्याला त्याच्या भाचीने हे सांगावे, याची गंमतही वाटली आणि थोडी लाजही.

ठाण्याहून एस. टी.ने भिवंडी, वाडा, विक्रमगड करीत जव्हारला पोहोचलो तेव्हा दुपार कलली होती. होळी होऊन गेली होती. रस्त्याकडेच्या पळसांचा बहर ओसरत होता आणि डोंगर तांबूस, उघडे पडले होते. पावसाळ्यात ज्यांनी जव्हार पाहिले आहे त्यांना ते या दिवसांत ओळखू येणार नाही. तेव्हा इथे धुके रस्त्यावर येऊन बसते, दाभोशाचा धबधबा कोसळतो आणि मुंबईचे लोक मोटारी भरभरून येतात. उन्हाळ्यात त्याच डोंगरांतल्या बाया डोक्यावर दोन-दोन हंडे घेऊन चढण चढताना दिसतात. मोखाड्याच्या कोचाळे गावाजवळ मध्य वैतरणेचे मोठे धरण आहे. त्याचे पाणी मुंबईला जाते. या मुलखातून सर्वांत मोठी निर्यात होते ती हीच, आणि तिला ना नमुना भरावा लागतो, ना किंमत लिहावी लागते.

जव्हारला एक मुक्काम केला. गाव टुमदार आहे. मुकणे राजांचा जयविलास राजवाडा झाडीत उभा आहे, बाहेरून आजही रुबाबदार. हे संस्थान महादेव कोळ्यांचे. चौदाव्या शतकात जयबा मुकणे या पुरुषाने ते उभारले आणि त्याच्या मुलाला, नीमशहाला, १३४३ साली दिल्लीच्या सुलतानाने राजा म्हणून मान्यता दिली, असे सांगतात. जयबाची आख्यायिका मात्र मला धंद्यामुळे फार आवडते. त्याने तिथल्या सरदाराकडे जमीन मागितली ती किती, तर एका बैलाच्या कातड्यात मावेल एवढी. सरदाराने हसून होकार दिला. मग या गृहस्थाने कातड्याच्या बारीक वाद्या काढल्या, त्या एकीला एक जोडल्या आणि त्यांनी सबंध गड वेढला. हीच गोष्ट कार्थेजच्या डिडो राणीबद्दलही सांगतात, म्हणजे ही युक्ती आंतरराष्ट्रीय आहे. माझ्या टेबलावर हे प्रकरण आले असते तर मी शेरा मारला असता, ‘मालाचे वर्णन अपुरे, किंमत कमी दाखविली आहे.’ आणि मग जव्हारचे राज्यच झाले नसते.

संध्याकाळी शिरपामाळावर गेलो. सुरतेवर जाताना शिवाजी महाराज या वाटेने गेले आणि जव्हारच्या विक्रमशहाने त्यांचे इथे स्वागत केले, असे मानतात. महाराजांनी त्याच्या मुकुटात शिरपेच खोवला, त्यावरून हे नाव पडले म्हणे. १६६४ च्या जानेवारीत सुरत लुटली गेली. ज्या सुरतेच्या जकातघरात मोगल अधिकारी परदेशी व्यापाऱ्यांची गाठोडी उसकटून बघत, त्या सुरतेकडे जाणारी वाट या माळावरून जाते, हा विचार माझ्यासारख्याला सुखावणारा नव्हता. जकातवाल्याचे घर लुटले गेले तर लोक हळहळत नाहीत, हे मला नोकरीत लवकरच कळले होते.

खरे म्हणजे जकात ही आपल्या देशात परकी गोष्ट कधीच नव्हती. घाटांच्या तोंडाशी नाकी होती. किनाऱ्यावरून मीठ वर जायचे, देशावरून धान्य खाली यायचे आणि बैलांच्या तांड्यांना जागोजाग थांबून हशील द्यावे लागायचे. इंग्रजांनी आपल्या मुलखातल्या अंतर्गत जकाती बंगालमध्ये १८३६ साली, मुंबई इलाख्यात १८३८ साली आणि मद्रासेत १८४४ साली उठवल्या, पण संस्थानांच्या हद्दी राहिल्याच. १९४८ साली जव्हार मुंबई राज्यात विलीन झाले तेव्हा इथली हद्द पुसली गेली. मुंबई शहरात शिरणाऱ्या ट्रकांच्या रांगा मात्र २०१७ च्या १ जुलैपर्यंत जकात नाक्यावर उभ्या राहत होत्या. त्या दिवशी वस्तू व सेवा कर आला आणि नाकी ओस पडली. जंगलातला नाका तेवढा टिकून आहे. लाकूड न्यायचे तर आजही वन खात्याचा वाहतूक परवाना दाखवावा लागतो, आणि या भागातल्या माणसाला ‘नाका’ म्हटले की आठवतो तो हाच.

दुसऱ्या दिवशी मोखाड्याला गेलो. जव्हारपासून ते पूर्वेला, त्र्यंबकच्या रस्त्यावर. वाट डोंगराच्या कडेकडेने वळणे घेत जाते. मुखवटे करणारे घर गावापासून जरा आत, एका पाड्यावर होते. नाव देत नाही. त्यांनी मला पाहुणा म्हणून ठेवून घेतले आणि पाहुण्याने यजमानाला छापील कागदावर आणू नये. घरात म्हातारे बाबा, त्यांचा सदतीस वर्षांचा मुलगा, सून आणि दोन नातवंडे. कुडाच्या भिंतीचे सारवलेले घर, आणि पडवीत दोरीवर सात-आठ तोंडे वाळत टांगलेली. कुणी रंगवलेले, कुणी अजून कागदी करड्या रंगाचे. डोळ्यांच्या जागी भोके. मी पायरीवर थबकलो तसे बाबा हसून म्हणाले, “या साहेब. ही मंडळी काही करीत नाहीत.”

बोहाडा ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द सांगितले पाहिजेत. होळीच्या सुमारापासून उन्हाळाभर या भागात गावोगाव हा उत्सव होतो. मोखाड्याला तो जगदंबेचा उत्सव म्हणून ओळखतात. रात्र झाली की संबळ वाजू लागतो आणि गावाच्या रस्त्याने एकामागून एक सोंगे नाचत येतात. पहिला मान गणपतीचा. मग शारदा, मग रामायण-महाभारतातली आणि पुराणातली देव-राक्षस मंडळी, आणि शेवटी देवी येऊन महिषासुराचा वध करते, तेव्हा उजाडायला आलेले असते. सोंग घेणारा माणूस दिवसा कुणाच्या शेतावर मजूर असतो, कुणी मास्तर असतो. तोंडावर मुखवटा चढला की त्याच्या पायाशी बायका पोरे आणून ठेवतात. मी त्या रात्री ते पाहिले. माझ्या शेजारी उभा असलेला एक पोरगा नरसिंह जवळ येताच आईच्या पदरात शिरला, आणि खरे सांगायचे तर मीही दोन पावले मागे सरलो. मशालीच्या उजेडात तो चेहरा कागदाचा आहे हे कुणाच्या ध्यानात राहत नाही.

आणि तो असतो मात्र कागदाचाच. सकाळी बाबांच्या मुलाने मला सगळे दाखवले. पूर्वी त्यांचे आजोबा लाकडाचे मुखवटे करीत. लाकूड जड, सोंग घेणाऱ्याची मान मोडते, शिवाय लाकूड आणायचे म्हणजे नाका आला. म्हणून बापाच्या वेळेपासून घर कागदावर आले. जव्हारच्या दुकानदाराकडून रद्दी आणायची, ती भिजत घालायची, कुटायची, तिचा लगदा करायचा, चिंचोक्याच्या खळीने तो बांधायचा आणि मातीच्या साच्यावर थरावर थर देत न्यायचे. एक थर वाळल्याशिवाय दुसरा नाही. मोठ्या मुखवट्याला तीन आठवडे लागतात, पावसाळ्यात तर कामच बंद. शेवटच्या आतल्या थराला सबंध कागदाच्या पट्ट्या लावतात. मी एक मुखवटा उलटा करून पाहिला. नरसिंहाच्या गालफडाच्या आत कसल्याशा सरकारी तक्त्याचे रकाने दिसत होते. ‘अर्जदाराचे नाव’ एवढे स्पष्ट वाचता आले. मी जन्मभर असले तक्ते भरून घेतले, पण त्यांचा याहून चांगला उपयोग झालेला पाहिला नव्हता.

उत्सवात नाचलेले मुखवटे ते विकत नाहीत. त्यांची पूजा झालेली असते. विकायचे वेगळे करतात. आजोबांचा एक लाकडी मुखवटा घरात जपून ठेवला आहे, त्याला शहरातल्या एका व्यापाऱ्याने बरीच रक्कम देऊ केली होती. मी त्यांना सांगितले की ती वस्तू शंभर वर्षांची भरली तर १९७२ च्या पुरावशेष कायद्याने ती देशाबाहेर नेताच येणार नाही, नेणारा गुन्हेगार ठरेल. बाबांना कायद्याचे फारसे अप्रूप वाटले नाही. “देणारच नव्हतो,” एवढेच ते म्हणाले.

भाचीसाठी मी नरसिंह निवडला. किंमत बारा हजार रुपये. मी घासाघीस केली नाही. तीन आठवड्यांना भागून पाहिले तर रोजाला सहाशेही पडत नव्हते, आणि त्यात रंग आले, रद्दी आली, सुनेची मेहनत आली. पैसे मोजून दिले आणि पिशवीतून सोबत आणलेला कोरा नमुना काढला. आता हे सगळे संगणकावर भरतात, पण मला कागदावर आधी लिहून पाहिल्याशिवाय चैन पडत नाही.

या तक्त्याबद्दल थोडे सांगतो, कारण परदेशी मुले असलेल्या आणि चिवड्याचे डबे पाठवणाऱ्या प्रत्येक घराशी त्याची गाठ पडते. जगातल्या टपाल खात्यांनी मिळून ठरवलेले हे दोन नमुने. लहान पाकिटावर सीएन २२ चिकटवतात, पार्सलाला सीएन २३ लागतो. दोन्हींत विचारतात ते थोडक्यात असे: आत काय आहे, किती आहे, वजन काय, किंमत काय, कुठल्या देशात बनले, आणि ही भेट आहे, विक्रीचा माल आहे, नमुना आहे की परत जाणारी वस्तू आहे. शिवाय एक आकडा. जगातल्या प्रत्येक वस्तूला जकातीसाठी एक क्रमांक आहे. १९८८ पासून ही एकच यादी बहुतेक सगळे देश वापरतात. घोड्यापासून घड्याळापर्यंत सगळे तिच्या सत्त्याण्णव प्रकरणांत बसवलेले आहे.

नरसिंह कुठे बसणार? कागदाचा म्हणावा तर अठ्ठेचाळिसावे प्रकरण, कागद आणि कागदाच्या वस्तू. कलाकृती म्हणावा तर सत्त्याण्णवावे, तिथे हाताने केलेली मूळ शिल्पे येतात. आणि सण-उत्सवांचे, कार्निव्हलचे सामान म्हणावे तर क्रमांक ९५०५. पंच्याण्णवावे प्रकरण म्हणजे खेळणी आणि क्रीडासाहित्य. मी मोठ्याने वाचत होतो. बाबांचा मुलगा मोबाइलवर तेच पाहत होता. तो म्हणाला, “म्हणजे देवाला खेळण्यात घालायचा?”

“सणाच्या सामानात,” मी म्हणालो.

“पण वही तीच ना, खेळण्यांची?”

मला उत्तर सुचले नाही. असले प्रश्न मी कचेरीत कधी कानांवर घेतले नव्हते. तिथे वस्तू बोलत नाही आणि ती बनवणारा शेजारी बसलेला नसतो.

पुढचा रकाना किमतीचा. मी लेखणी उचलली आणि थांबलो. भाचीचे पस्तीस पौंड डोक्यात होते, म्हणजे आपले चार हजारांच्या आसपास. मुलाने ओळखले असावे. त्याने विचारले, “काय लिहिणार?”

मी त्याला खरे ते सांगितले. तिकडे एकोणचाळीस पौंडांच्या वर कर बसतो, म्हणून लोक कमी लिहितात. सगळे जग लिहिते. अमेरिकेत तर २०१६ पासून आठशे डॉलरपर्यंतचा माल शुल्क न भरता आत जात असे. हजारो लहान दुकाने त्याच सवलतीवर चालत. २०२५ च्या २९ ऑगस्टला ती सवलत एका हुकमाने संपली. आपल्या टपाल खात्याने त्याआधीच, २५ ऑगस्टपासून, तिकडची पार्सले घेणे थांबवले आणि १५ ऑक्टोबरला पुन्हा सुरू केले. दिवाळीच्या तोंडावर कितीतरी आयांचे लाडू घरीच राहिले. युरोपनेही बावीस युरोंपर्यंतची व्हॅटची माफी २०२१ च्या जुलैत काढून टाकली. आपलेही तसेच. २०१९ च्या डिसेंबरपासून ‘भेट’ म्हणून परदेशातून टपालाने किंवा कुरियरने काहीही मागवायला बंदी आहे, अपवाद दोनच, जीवनरक्षक औषधे आणि राखी. राखीबरोबर दुसरी वस्तू मात्र चालत नाही. आणि राखीला शुल्क का पडत नाही, तर सीमाशुल्क कायद्यात एक पोटकलम आहे, शुल्काची रक्कमच शंभर रुपयांपर्यंत भरत असेल तर ती घ्यायची नाही. सरकारचे कायदे वाचून मला हसू फार कमी वेळा आले, पण औषधाच्या शेजारी राखी बसवणाऱ्याला मनातल्या मनात नमस्कार केला होता.

मुलगा ऐकत होता, पण त्याचे लक्ष त्या रकान्यातच होते. “साहेब, तिकडं कुणी हे वाचलं, तर त्याला वाटणार मोखाड्यातला मुखवटा चार हजाराला मिळतो. दुसरा कुणी येईल तो म्हणेल, कागदावर चार हजार आहे, तू बारा कशाला मागतोस?”

आता यात त्याची थोडी चूक होती. हे तक्ते कुणी बाजारभाव ठरवायला वाचत नाही. पण पूर्ण चूक नव्हती. जकातीचे अधिकारी शंका आली की तशाच मालाच्या आधी नोंदलेल्या किमती पाहतात. शिवाय पार्सल हरवले तर भरपाई मागायची ती लिहिलेल्या किमतीवर. मी हे सांगत होतो, तेवढ्यात आतापर्यंत गप्प बसलेले बाबा मध्येच म्हणाले, “आमचं एक पार्सल आलं होतं परदेशातून. मिळालं नाही.”

सुनेने कोरा चहा आणून ठेवला, नागलीची भाकरी आणि चटणी ठेवली. बाबांनी सांगितले ते असे. मुलगा जन्माला आला त्या साली बोहाड्याला एक गोरी बाई आली होती. चार रात्री राहिली, फोटो काढले, बाबांच्या बापाजवळ बसून काम पाहिले. जाताना म्हणाली, रंग पाठवते. पुढच्या वर्षी पोस्टमन कागद घेऊन आला. पार्सल आले आहे, पण सरकारचे दोनशेच्या वर रुपये भरून सोडवायचे. घरात फक्त बाप होता. बाकी सगळे भिवंडीकडे वीटभट्टीवर, होळीशिवाय परतणार नव्हते. बापाने पोस्टमनला विचारले, आत काय आहे? त्याला ते ठाऊक नव्हते. बापाने दोन-तीन ठिकाणी उसने मागून पाहिले. मग पार्सल परत गेले. “बाप मरेपर्यंत म्हणायचा,” बाबा म्हणाले, “किती रंग असतील रे त्यात?”

मी भाकरीचा तुकडा तोडला होता तो हातातच राहिला. मुलगा सदतीस वर्षांचा. म्हणजे त्या वर्षांत मी नव्या उत्साहाने त्या टेबलावर बसत होतो. शुल्काचे दर तेव्हा शंभर टक्क्यांच्या वर जात. परदेशी रंगांची पेटी उघडली, तिचे झाकण चकचकीत दिसले, की पाठवणाऱ्याने लिहिलेली किंमत खोडायला मला अर्धे मिनिट पुरत असे. खाली लाल शाईने शेरा, ‘किंमत कमी दाखविली आहे.’ अशी पार्सले महिन्याला शेकड्यांनी हाताखालून गेली. त्यांतले हे एक होते का? मला मोखाडा हे नाव वाचल्याचे आठवत नाही, आणि आठवत नाही म्हणून माझी सुटका होत नाही, कारण मी पत्ते वाचतच नसे. पत्ता वाचणे हे माझे काम नव्हते. माझे काम किमतीचा रकाना.

मी सांगून टाकले. कुठे काम करीत होतो, काय करीत होतो, आणि ते पार्सल माझ्याच हातून गेले असण्याचा संभव आहे. सून चुलीपाशी उभी होती ती तशीच उभी राहिली. मुलाने माझ्याकडे पाहिले ते मला आवडले नाही, पण त्याच्या जागी मीही तसेच पाहिले असते. बाबांनी बराच वेळ विडीच्या थोटकाशी चाळा केला.

“तुम्ही उघडून बघायचा ना पार्सलं?” त्यांनी विचारले.

“हो.”

“मग रंगांची पेटी केवढी असते ती? मोठी?”

मी हातांनी दाखवली. एवढी लांब, एवढी रुंद, आत दोन मजले, वरच्या मजल्यात कांड्या, खालच्यात नळ्या. छत्तीस रंगांची असते, कधी अठ्ठेचाळीसही. पिवळेच चार प्रकारचे. बाबा एकेका रंगाला मान हलवीत होते. नातू जवळ येऊन बसला आणि निळे किती असतात विचारू लागला. अर्धा तास आम्ही त्या न आलेल्या पेटीतले रंग मोजले.

मग मी तक्ता पुढे ओढला. वर्णन: हाताने केलेला कागदी लगद्याचा नृत्याचा मुखवटा, नरसिंह. नग एक. वजन दोन किलो सहाशे. क्रमांकाच्या रकान्यात बराच विचार करून ९५०५ लिहिला. मुलगा कुरकुरला. मी म्हटले, कलाकृती म्हटले तर तिकडचा कुणीतरी माझ्यासारखा बसला असेल, तो कलेचा पुरावा मागेल. सण म्हटले तर निदान खोटे तरी होत नाही. बनले कुठे: भारत. किंमत: बारा हजार रुपये.

राहिला प्रश्न ‘भेट’ की ‘विक्रीचा माल’. भाचीने पैसे दिलेले असताना भेट लिहिणे म्हणजे पुन्हा तेच. विक्री लिहायची तर पाठवणारे बाबा, त्यांच्याजवळ निर्यातीचा परवाना क्रमांक नाही, टपालाचे निर्यातपत्र वेगळे भरायला हवे. २०२२ पासून टपाल खात्याने देशभर डाकघर निर्यात केंद्रे उघडली आहेत, तिथे कारागिराला हे सगळे करता येते. ती वाट मी मुलाला तारखेवार लिहून दिली, पुढच्या वेळी त्याने ती धरावी. या वेळी मी पडवीतूनच भाचीला फोन लावला आणि सांगितले, तुझे पैसे परत पाठवतो आहे, मुखवटा मामाकडून घरभरणीची भेट. मग ‘भेट’ या चौकोनात खूण केली. आयुष्यात पहिल्यांदा तो चौकोन मी स्वतःच्या पैशाने भरला.

गवताच्या पेंढ्यांत नरसिंह ठेवून वर पुठ्ठ्याचे खोके बांधले, पण मग आठवले की गवत-पेंढा परदेशी पाठवला तर रोगराईच्या नियमात अडकतो. सगळे पुन्हा सोडले आणि रद्दी भरली. खोके चांगले दोन फूट लांबरुंद झाले. एस. टी.त ते मांडीवर मावेना. कंडक्टर आला आणि नोकरीत मी लोकांना जे विचारत असे तेच त्याने मला विचारले, “काय आहे यात?”

“मुखवटा.”

“कुठला?”

“नरसिंह.”

“लगेज लागलं असतं,” तो म्हणाला, आणि खोके उचलून स्वतःच्या सीटशेजारी ठेवले. जव्हारपर्यंत त्याने त्यावर पाय लागू दिला नाही.

मुंबईत पार्सल टपालात दिले. सतरा दिवसांनी भाचीचा संदेश आला, सोबत फोटो. नरसिंह भिंतीवर, खाली गॅसचा हीटर. “सव्वीस पौंड व्हॅट आणि वर टपालाचा हाताळणी आकार भरला, मामा. पस्तीस लिहिलं असतं तर?” मी उत्तर दिले नाही. फोटो मोखाड्याला पाठवला. संध्याकाळी बाबांच्या मुलाचा फोन आला. मागून संबळाची तालीम ऐकू येत होती.

“पोहोचला ना?”

“पोहोचला.”

“तिकडच्या साहेबानं कागद वाचला?”

“वाचला. कर घेतला म्हणजे वाचला.”

“किंमत केवढी धरली त्यानं?”

“आपण लिहिली तेवढीच.”

“खोडली नाही ना?”

“नाही.”

“बाबांना सांगतो,” तो म्हणाला, आणि फोन तसाच चालू ठेवून आत गेला.